दहाजणांत बसून पाहावे असे चित्रपट

दादासाहेब फाळके यांनी ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे मांडला आणि या देशातील कथाचित्रपटाचा आरंभ एका राजाने पाळलेल्या वचनाच्या कथेने झाला. पुढे बोलपटाचे युग आले, तेव्हा ‘प्रभात’ या चित्रसंस्थेनेही आपला पहिला बोलपट म्हणून हेच आख्यान निवडले व १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि दुर्गाबाई खोटे तारामती. या आख्यानात राजा सत्याला जागतो हे तर खरेच. परंतु त्या सत्यापायी बाजारात विकली जाते ती तारामती, आणि सर्पदंशाने मरतो तो रोहिदास. वचन राजाने दिलेले आणि त्याची वसुली मात्र त्याच्या घरातून झालेली. पूर्वजांनी जपलेली मूल्ये पडद्यावर आणावयाची असतील, तर या वसुलीचा हिशेब त्या चित्रपटात चोख मांडलेला असला पाहिजे, असे माझे मत आहे, आणि प्रस्तुत आढावा याच कसोटीवर केलेला आहे.

हा प्रश्न उपस्थित होतो तो सामुदायिक चित्रपटसंध्येच्या निमित्ताने. एके काळी गणेशोत्सवात चौकात पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवीत, जत्रेत तंबूतला सिनेमा येई, आणि पडद्याच्या पुढे जागा न मिळालेली माणसे मागच्या बाजूला बसून उलटी चित्रे तितक्याच तन्मयतेने पाहत. ती प्रथा मावळली. पण गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात, वाचनालयात, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा परदेशातील एखाद्या महाराष्ट्र मंडळात पंचवीस-तीस माणसांनी एकत्र बसून चित्रपट पाहावा, ही इच्छा मात्र मावळलेली नाही. अशा वेळी कोणीतरी वडीलधारे माणूस सुचविते की, चित्रपट असा निवडावा ज्यात घर, धर्म, कर्तव्य, शब्दाचे पावित्र्य, वडिलांविषयीचा आदर यांची बूज राखलेली असेल. सर्वांना ते मान्यही होते. आणि मग यादी करावयास बसल्यावर ध्यानात येते की, ही बूज नेमकी कशात आहे याविषयी कोणा दोघांचेही एकमत नाही.

इतर देशांतही अशा याद्या झालेल्या आहेत व त्या उद्‌बोधक आहेत. चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली आणि तिचे धर्म, मूल्ये व कला असे तीन विभाग केले. धर्मसंस्थेची यादी म्हणजे केवळ धार्मिक कथांची यादी असेल असा जो समज व्हावा तो तिथे टिकत नाही; कारण मूल्यांच्या विभागात इटलीतील एका बेकार मजुराची ‘बायसिकल थीव्ह्ज’ आहे, गोदी कामगारांची ‘ऑन द वॉटरफ्रंट’ आहे, आणि ॲटनबरोंचा ‘गांधी’ही आहे. अमेरिकेतील ‘नॅशनल रिव्ह्यू’ या परंपरानिष्ठ विचाराच्या नियतकालिकाने २००९ साली मागील पंचवीस वर्षांतील आपल्या मताच्या चित्रपटांची यादी केली, तेव्हा पहिले स्थान ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ या जर्मन चित्रपटाला दिले. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांतील एक अधिकारी एका नाटककाराच्या घरातील बोलणे चोरून ऐकत असता हळूहळू त्याचाच रक्षक बनतो आणि त्यापायी स्वतःची कारकीर्द गमावतो, अशी ती कथा. म्हणजे सरकारच्या अमलापुढे माणसाचे खाजगी घर व त्याची विवेकबुद्धी यांना मान देणे, हे त्या संपादकांना आपल्या परंपरेचे मर्म वाटले. मला ही निवड योग्य वाटते, जरी मुलाबाळांसह पाहण्याजोगा तो चित्रपट नव्हे.

याउलट मूल्ये नियमांच्या जोरावर निर्माण करण्याचा प्रयोगही होऊन गेलेला आहे. हॉलिवुडने १९३० साली स्वीकारलेली आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आणलेली हेज संहिता १९६८ पर्यंत टिकली. चुंबन किती वेळ असावे, गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे, विवाहसंस्थेचा उपमर्द होता कामा नये, असे तिचे दंडक होते. त्या काळात उत्तम चित्रपट निघाले हे निर्विवाद. परंतु त्याच दंडकांखाली निघालेले कितीतरी चित्रपट आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. निषेधांच्या यादीतून सभ्यता राखता येते. आदर निर्माण होतो तो मात्र कथेतील माणसांनी काय सोसले यातून.

सोसण्याचा हा हिशेब ज्याने सर्वांत निर्मळपणे मांडला तो चित्रपट म्हणजे ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६). विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल या दोघांनी तो दिग्दर्शित केला, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ एकाच चित्रगृहात चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. या सर्व गोष्टी वारंवार सांगितल्या जातात व सांगावयासही हव्यात. पण त्या चित्रपटाचे खरे बळ आहे ते जिजाईच्या व्यक्तिरेखेत. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले कसलेले गायक नट, तर जिजाई झालेली गौरी ही ‘प्रभात’मध्ये अगदी साध्या कामावर लागलेली, नाट्यशिक्षणाचा गंध नसलेली स्त्री, आणि दिग्दर्शकांनी या दोघांना समोरासमोर उभे करून वैकुंठ आणि चूल यांचा असा संवाद घडविला की, त्यात कोणाचीही बाजू हलकी पडत नाही.

तुकोबा विठ्ठलाच्या नामात रंगलेले आहेत आणि घरात दाणा नाही. मूल आजारी आहे आणि औषधाला पैसा नाही. जिजाई नवऱ्याला दोष देते, देवाला दोष देते, आपल्या म्हशीशी जिव्हाळ्याने बोलते, आणि संताप अनावर झाल्यावर पायतण हातात घेऊन थेट विठ्ठलाच्या देवळात जाते. भक्तिपटात असा प्रसंग घालण्याचे धैर्य आज कोणी करील किंवा केल्यास ते लोक सहन करतील, याविषयी मला खात्री नाही. १९३६ सालच्या प्रेक्षकांनी मात्र तो प्रसंग मोकळ्या मनाने स्वीकारला, कारण त्यांना जिजाई आपल्याच घरातली वाटली. शिवाजी महाराजांचा नजराणा येतो, घर हरखते, आणि तुकोबा तो परत करतात. विरक्ती ही तुकोबांची. उपास मात्र सर्वांचा. अखेरीस वैकुंठाचे विमान येते, तुकोबा पत्नीलाही चल म्हणतात, आणि ती संसाराची आणि चुलीची सबब सांगून मागे राहते. चित्रपटाने तिला अज्ञानी ठरविले नाही, तिचा उपहास केला नाही. ज्या चुलीच्या आधारावर तुकोबांची भक्ती उभी होती, ती चूल विमान निघून गेल्यावरही पेटती राहणार आहे एवढे दाखवून तो थांबला.

या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत लोकांना खुद्द तुकारामांचा अभंग वाटले, आणि अनेकांना अजूनही वाटते. परंपरेचा सांभाळ कसा होतो याचा हा एक सुरेख दाखला आहे: कवीने आपले नाव पुढे न करता त्या वाणीच्या शिस्तीत स्वतःला असे विरघळवून घेतले की नवे आणि जुने यांतील सांधा दिसेनासा झाला.

‘संत तुकाराम’नंतर ‘प्रभात’चाच ‘रामशास्त्री’ (१९४४) घ्यावा. गजानन जागीरदारांनी त्यात रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका केली व दिग्दर्शनाची धुराही अखेर त्यांनीच वाहिली. आनंदीबाई झाल्या ललिता पवार. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याच्या चौकशीत रघुनाथराव दोषी ठरले, आणि गादीवर बसलेल्या धन्यालाच त्याच्या न्यायाधीशाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले. निवाडा अमलात येणार नाही हे ठाऊक असता तो दिला, आणि दिल्यावर पुणे सोडले. याच रामशास्त्र्यांविषयी इतिहासात प्रसिद्ध असलेली दुसरी हकीकत अशी की, थोरले माधवराव पूजाअर्चेत गुंतून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याची रजा मागून त्यांना जाणीव करून दिली की, राज्य चालविणे हाच राजाचा जप होय. या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे परंपरानिष्ठेचा खरा चेहरा दिसतो. ज्या माणसाने शास्त्र आत्मसात केलेले आहे तोच शास्त्राच्या नावाखाली होणाऱ्या कर्तव्यच्युतीवर बोट ठेवू शकतो, आणि ज्याने गादीचे मीठ खाल्ले आहे तोच गादीला तिच्या धर्माची आठवण देण्यास अधिकारी असतो.

येथे एका इंग्रजी चित्रपटाची जोड दिली तर सायंकाळ विशेष संस्मरणीय होईल. फ्रेड झिनेमन यांचा ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) हा रॉबर्ट बोल्ट यांच्या नाटकावरून निघाला आणि त्याला उत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाले. इंग्लंडचा आठवा हेन्री आपला विवाह मोडून दुसरा करू पाहतो व त्यासाठी रोमच्या धर्मसत्तेशी संबंध तोडतो. त्याचा प्रधान सर टॉमस मोर हा बंड करीत नाही, टीका करीत नाही, केवळ शपथ घेण्यास नकार देऊन मौन धारण करतो, आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद होतो. पॉल स्कोफील्ड यांनी उभा केलेला मोर हा कायद्याचा भक्त आहे. त्याच्या मते सैतानालासुद्धा कायद्याचे संरक्षण दिले पाहिजे, कारण कायद्याचे रान एकदा तोडून टाकले की आपणही उघड्यावर पडतो. या युक्तिवादावर आपल्याकडील कोणत्याही सभागृहात तासभर चर्चा होईल. पण मला या चित्रपटातील जो प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो तो बंदिशाळेतला. मोरची पत्नी ॲलिस निरक्षर आहे. नवऱ्याचे मौन तिच्या आकलनापलीकडचे आहे. घर गेले, नोकरचाकर गेले, आणि हे सारे कशासाठी ते तिला कळत नाही. ती त्याला स्पष्ट सांगते की, हे मला समजले नाही, आणि तू गेल्यावर मी तुझा द्वेष करू लागेन अशी मला भीती वाटते. विवेकाच्या निश्चयाने राजापुढे न डगमगलेला माणूस येथे डगमगतो. देहूची जिजाई आणि लंडनची ॲलिस या दोघी एकमेकींना ओळखतील.

न्यायाच्या याच सूत्रात जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (१९७५) बसतो. साखर कारखानदारीच्या बळावर परगण्यावर हुकमत गाजविणारा हिंदुराव आणि मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाची विचारपूस सोडावयास तयार नसलेला व्यसनी मास्तर, यांचा तो झगडा आहे. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला हा चित्रपट कोणी जुन्या मूल्यांच्या यादीत घालणार नाही; पण एका माणसाच्या जिवाचा जाब मागितलाच पाहिजे, याहून जुने मूल्य कोणते?

कर्तव्याविषयीचा सर्वांत प्रसिद्ध वाद मात्र अमेरिकेच्या पश्चिमपटांत घडला, आणि दोन सायंकाळी लागोपाठ घालवून तो वाद पाहण्याजोगा आहे. ‘हाय नून’ (१९५२) हाही झिनेमन यांचाच. गावचा मार्शल विल केन विवाहाच्या दिवशीच अधिकारपद सोडून निघालेला असतो. इतक्यात बातमी येते की, त्याने तुरुंगात धाडलेला गुंड बाराच्या गाडीने सूड घेण्यास परत येत आहे. केन परत फिरतो, गावाकडे मदत मागतो, आणि चर्चमध्ये भरलेली सभ्य माणसांची सभा साधकबाधक चर्चा करून त्याला एकटा सोडते. पटकथाकार कार्ल फोरमन यांच्यामागे त्या काळी कम्युनिस्टांच्या शोधासाठी नेमलेल्या संसदीय समितीचा ससेमिरा लागला होता, आणि मित्रांनी पाठ फिरविल्याचा स्वतःचा अनुभव त्यांनी त्या गावात ओतला. जॉन वेन या कट्टर परंपरावादी नटाला हा चित्रपट देशविरोधी वाटला. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना तर गावभर मदत मागत हिंडणारा अधिकारीच पटला नाही. त्या दोघांनी मिळून १९५९ साली ‘रिओ ब्राव्हो’ काढून प्रत्युत्तर दिले. त्यातला शेरीफ अननुभवी गावकऱ्यांची मदत नाकारतो आणि एक दारुडा, एक लंगडा म्हातारा व एक पोरसवदा तरुण एवढ्या सामग्रीवर निभावून नेतो. एकात कर्तव्य एकट्याच्या शिरावर पडते, दुसऱ्यात ते चार मित्रांच्या परस्परनिष्ठेतून पार पडते. मला दोन्ही चित्रपट प्रिय आहेत. पण निवड करावयाचीच झाली तर मी ‘हाय नून’कडे झुकतो, आणि त्याचे कारण केनची नवविवाहिता ॲमी हे आहे. ती अहिंसाव्रती क्वेकर पंथाची आहे, हिंसेपायी आपला बाप व भाऊ गमावलेली आहे, आणि अखेर पतीचा जीव वाचविण्यासाठी तिलाच बंदूक उचलावी लागते. केनच्या कर्तव्यासाठी तिचे व्रत मोडले. हा चित्रपट आयझेनहॉवर आणि क्लिंटन या परस्परविरोधी पक्षांच्या दोन राष्ट्राध्यक्षांना सारखाच आवडे, यात नवल नाही. शिवाय अवघ्या ८५ मिनिटांत तो संपतो, ही गोष्ट संयोजकाच्या दृष्टीने उपेक्षणीय नव्हे.

चित्रपटांवर मारलेले शिक्के किती भरवशाचे असतात याविषयी फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटाची कैफियत ऐकण्यासारखी आहे. आज अमेरिकेतील घरोघरी नाताळात तो पाहतात आणि कुटुंब, गाव व श्रद्धा यांचे स्तोत्र म्हणून त्याचा गौरव करतात. पण १९४७ साली तेथील गुप्तचर खात्याच्या दप्तरात याच चित्रपटाविरुद्ध अशी नोंद झाली होती की, श्रीमंत सावकाराला खलनायक दाखवून कम्युनिस्ट विचाराचा प्रसार केला आहे. प्रदर्शनाच्या वेळी तो तोट्यात गेला. पुढे १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रे तो वारंवार दाखवू लागली, आणि त्यातून तो लोकांचा झाला. कथा जॉर्ज बेली नामक तरुणाची. जग पाहण्याची त्याची उत्कट इच्छा. परंतु वडिलांच्या पश्चात गावकऱ्यांना घरासाठी कर्ज देणारी लहानशी पतसंस्था त्याच्यावाचून बुडेल म्हणून तो प्रत्येक वेळी थांबतो, आणि मधुचंद्रासाठी साठविलेले दोन हजार डॉलरसुद्धा, पत्नी मेरीच्याच पुढाकाराने, ठेवीदारांना वाटले जातात. ज्यांच्या घरात कोणीतरी धाकट्या भावंडांसाठी शिक्षण सोडले आहे, ज्यांच्या वडिलांनी गावच्या सहकारी संस्थेसाठी फुकट राबून आयुष्य वेचले आहे, अशा आपल्याकडील प्रेक्षकांना या चित्रपटातील एकही भावना परकी वाटणार नाही. शेवट मधुर आहे. मात्र मधल्या भागात जॉर्ज आपल्याच मुलांवर ओरडतो, घरातील वस्तूंची मोडतोड करतो आणि पुलावर जीव द्यायला उभा राहतो, तो भाग अत्यंत कडवट आहे. त्याच कडवटपणाने शेवटच्या माधुर्याला अधिकार प्राप्त झाला आहे.

वृद्ध आईबाप आणि कर्ती मुले हा विषय तर आपल्या चित्रपटांचा जुनाच; त्यावर अश्रूंचे पाट वाहविणाऱ्या कथा विपुल आहेत आणि बहुतेकांत मुले दुष्ट व आईबाप देवतुल्य असतात. सामुदायिक सायंकाळी असा चित्रपट लावला म्हणजे ज्येष्ठ मंडळी तृप्त होतात आणि तरुण मंडळी मान खाली घालून घरी जातात. विचार कोणाच्याच मनात सुरू होत नाही. या विषयावर यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) एवढा न्यायबुद्धीचा चित्रपट मी पाहिलेला नाही. ओनोमिची या बंदराच्या गावाहून म्हातारे आईवडील टोकियोतील मुलांकडे येतात. डॉक्टर मुलाला रोगी आहेत, केशभूषागृह चालविणाऱ्या मुलीला गिऱ्हाइके आहेत. आईवडिलांची अडचण होते, म्हणून त्यांना आतामीच्या गजबजलेल्या विश्रामगृहात धाडले जाते. त्यांच्यासाठी कामावरून रजा काढते ती एकटी नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. पुढे आई वारल्यावर धाकटी मुलगी आपल्या भावंडांच्या स्वार्थीपणावर चिडते, तेव्हा हीच नोरिको तिला समजावते की, मुलांचे स्वतःचे संसार झाले की असे होतच असते. सासरा तिला पत्नीचे घड्याळ देतो आणि पुन्हा विवाह करण्याचा आग्रह करतो. ज्या सुनेने जुना धर्म सर्वांत निष्ठेने पाळला, तिला त्या धर्मातून मोकळी करण्याचे औदार्य घरातल्या सर्वांत वडील माणसाने दाखवावे, हे दृश्य ज्या घरांत सुना आहेत आणि सासरे आहेत त्या सर्वांनी एकत्र बसून पाहावे. ओझूंनी कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवला आहे. पाटावर बसून जेवलेल्या आपल्या पिढीला ती उंची ओळखीची आहे. २०१२ साली जगातील दिग्दर्शकांच्या कौलात या चित्रपटाला पहिले स्थान मिळाले. आपल्याकडे राजा परांजपे यांनी याच सुमारास ‘ऊन पाऊस’ (१९५४) मध्ये वृद्ध शिक्षकाची अशीच व्यथा मांडली होती, आणि जुन्या मराठी प्रेक्षकांना ती आठवत असेल.

‘श्यामची आई’ (१९५३) वगळून असा आढावा पुरा होणार नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले, आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला, वनमाला आई झाल्या व माधव वझे श्याम. आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. तो पुनःपुन्हा दाखविला जातो, आणि दाखवावाच. परंतु मुलांना सुविचार शिकविण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहण्याची जी रीत पडली आहे तिने त्याचे नुकसान केले आहे. कोकणातल्या एका खालावलेल्या घराण्याची, कर्जाची, सावकाराच्या तगाद्याची आणि त्या अपमानात खंगत जाणाऱ्या एका स्त्रीची ती कथा आहे. पोहण्यास भिणाऱ्या मुलाला आई मारते, आणि मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच ऊर भरून येतो. संस्कार हा त्या घरातील एकमेव उरलेला ठेवा होता व तो देताना तिला किती दुःख झाले, हे मोठ्या माणसांनी पाहावयाचे आहे. अर्धशतकानंतर तेच सर्वोच्च राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारा दुसरा मराठी चित्रपट म्हणजे संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४): कर्करोगाने डोळे गमावणार असलेल्या नातवाला शस्त्रक्रियेपूर्वी हे जग एकदा डोळे भरून दाखविणारा आजोबा. मुले बहुसंख्येने असतील तेथे परेश मोकाशी यांचा पंढरपुरातील ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) अधिक बरा. वडिलांनी केलेली सायकल कर्जापायी जाऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्या विकणारी ती भावंडे मला शंभर उपदेशांपेक्षा थोर वाटतात.

आता एका आक्षेपाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. जुन्या मूल्यांचे चित्रपट म्हणजे जुन्या अन्यायांचे समर्थन, असे अनेकांना वाटते, आणि ही शंका रास्त आहे. म्हणूनच माझ्या यादीत व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) आग्रहाने आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून निघालेल्या या चित्रपटात एका पोरक्या मुलीचे वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावले जाते, आणि शांता आपटे यांनी साकारलेली नीरा हे लग्न मानण्यास ठाम नकार देते. सामान्यतः याला सुधारणावादी चित्रपट म्हणतात. परंतु नीरा विवाहसंस्था मोडावयास निघालेली नाही. कुंकवाला जो अर्थ परंपरेने दिला त्याचीच ती मागणी करते, आणि तो अर्थ जेथे नाही तेथे ते लावून घेण्यास नाकारते. केशवराव दात्यांनी उभा केलेला म्हातारा वकीलही राक्षस नाही. त्याला आपला अपराध कळत जातो, आणि तो कळण्याची क्रिया हाच चित्रपटाचा गाभा आहे. ज्या परंपरेत स्वतःची चूक ओळखण्याची शक्ती आहे तीच टिकाऊ, हे ‘कुंकू’ने दाखविले. शांतारामांचाच ‘शेजारी’ (१९४१), ज्यात जिवा आणि मिर्झा या दोन वृद्ध मित्रांची पिढीजात शेजारधर्माची गाठ धरण बांधणाऱ्या कंपनीच्या कारस्थानाने तुटते, तोही याच कारणास्तव पाहावा. देशात दंग्यांचे वातावरण असताना तो निघाला.

जे चित्रपट मी या यादीबाहेर ठेवले, त्यांविषयी थोडेच लिहितो. पूर्वजांच्या पराक्रमाच्या नावाखाली दोन-तीन तास गर्जना करणारे आणि शत्रूला माणूस म्हणून एकही क्षण न देणारे भव्य ऐतिहासिक चित्रपट सभागृहात टाळ्या मिळवितात, पण त्यांनंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. गाव तेवढे पवित्र आणि शहर तेवढे भ्रष्ट असे सांगणाऱ्या कथांचीही तीच गत. त्याच विषयावर भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) घ्यावा, ज्यात लोहार जोडप्याच्या श्रमाची प्रतिष्ठा उपदेशावाचून दिसते.

संयोजकांसाठी काही सूचना. चित्रपट सव्वादोन तासांहून लांब नसावा, कारण नंतरच्या चर्चेला अर्धा तास राखून ठेवला नाही तर एकत्र जमण्याचे प्रयोजन फारसे उरत नाही. याहून लांब असलेल्या ‘रिओ ब्राव्हो’ व ‘टोकियो स्टोरी’ यांच्यासाठी सुटीची दुपार योजावी. परभाषेतील चित्रपटापूर्वी पाच मिनिटे कथेची पार्श्वभूमी मराठीत सांगावी, विशेषतः आठव्या हेन्रीच्या इंग्लंडच्या बाबतीत, अन्यथा अर्धी मंडळी नात्यागोत्यातच गुरफटतात. कायद्याचाही मुलाहिजा राखावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार आपल्याकडे चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो. त्यामुळे ‘प्रभात’च्या चित्रपटांची मुदत केव्हाच संपली आहे, परंतु अलीकडच्या चित्रपटांसाठी मालकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि घरगुती वर्गणीवर मिळणारा चित्रपट सभागृहात लावण्याची मुभा त्या वर्गणीत असते असे समजू नये. चर्चेच्या आरंभी सर्वांत लहान व्यक्तीला बोलू द्यावे. वडीलधारे आधी बोलले की लहान थोरांच्या मताला दुजोरा देतात व गप्प बसतात.

वर्षभराचा क्रम आखता येणे शक्य असेल त्यांनी ‘रामशास्त्री’ व ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ लागोपाठच्या महिन्यांत ठेवावेत आणि ‘कुंकू’ला वगळू नये. ज्यांना एकच सायंकाळ मिळणार आहे, त्यांनी ‘संत तुकाराम’ निवडावा. तो सव्वादोन तासांच्या आत संपतो, त्यात मुलांना पाहण्यास चमत्कार आहेत, गाणाऱ्यांना अभंग आहेत, आणि संसार केलेल्या प्रत्येकाला जिजाईची बाजू घेऊन तुकोबांशी भांडण्याचा हक्क त्याने देऊन ठेवला आहे.